आरशापुढील नृत्य

वाशीस आमचें बिऱ्हाड येऊन आतां तीस वर्षें होत आलीं. गिरगांवांतील चाळ सोडून आम्ही तिघे भाऊ खाडीच्या ह्या अंगास आलों, तेव्हां एकाच मजल्यावर समोरासमोर दोन घरें घेतलीं. आणि दोहोंचीं दारें सकाळपासून रात्रींपर्यंत उघडीं ठेवावयाचीं असा जो रिवाज मातोश्रींनीं त्या दिवशीं घालून दिला, तो अद्याप चालू आहे. अशा घरांत एका मुलीनें नृत्य शिकावयाचें म्हटलें, कीं तो प्रश्न तिचा एकटीचा राहत नाहीं. स्वयंपाकघरापासून दिवाणखान्यापर्यंत प्रत्येकाला त्यावर कांहीं ना कांहीं मत असतें. माझी धाकटी पुतणी आठ वर्षें भरतनाट्यम् शिकली, तोंपर्यंत हीं मतें अनुकूल होतीं. गेल्या वर्षापासून ती, ज्याला हल्लीं 'समकालीन नृत्य' म्हणतात, तें शिकूं लागली, आणि घरांत दोन तट पडले. तिच्या वडिलांचें म्हणणें, ज्यांत मुद्रा नाहींत, अभिनयाचें पद नाहीं, देवाचें नांव नाहीं, तें नृत्य कसलें? तिच्या आईचें म्हणणें, आधीं पाहा तरी.

पाहण्याचा योग मला आला तो पावसामुळें. श्रावणांतल्या एका संध्याकाळीं रिक्षा मिळेना म्हणून मुलीला आणावयास मी नेरूळच्या त्या नृत्यवर्गांत गेलों, तों तालीम अजून चालूच होती. दालनाची एक अखंड भिंत आरशाची. तिच्यासमोर आठ मुली. नृत्याचा विषय 'आत्ममोह' असा आहे, हें मला मागाहून समजलें. पण तो सांगावा लागला नसता. प्रत्येकीच्या हातांत मोबाईलएवढा एक पांढरा पुठ्ठा होता. त्या पुठ्ठ्यांत पाहत, मान वांकडी करून, ओठ पुढें काढून, केस सारून त्या आठहि जणी एकमेकींच्या अगदीं जवळून फिरत होत्या; परंतु एकीचीहि नजर दुसरीवर पडत नव्हती. मध्येंच एक मुलगी कोसळली. बाकीच्या सात जणी पुठ्ठ्यावरची दृष्टि न काढतां, जमिनीवर पडलेली चादर ओलांडावी तशा, तिला ओलांडून गेल्या. मला तें फार परिणामकारक वाटलें, हें कबूल करतों.

पुढें शिकविणाऱ्या ताई चहा घेण्यास बाहेर गेल्या. त्याबरोबर त्या आठहि मुलींनीं पुठ्ठे खालीं ठेवले, खरे मोबाईल उचलले, आणि आरशासमोर उभ्या राहून तोच भाग तीनदां चित्रित केला. कारण पहिल्या दोन वेळां कोणाचे तरी केस मनासारखे पडले नव्हते. जी मुलगी कोसळली होती, ती उठून आपण कोसळतांना कशा दिसलों हें पाहूं लागली. ह्यांत नृत्य कोणतें आणि विश्रांति कोणती, हें मला सांगतां आलें नसतें.

हंसण्यावारी नेण्यासारखा हा प्रसंग नव्हे. नृत्य ही स्वतःच्या देहाची कला आहे. चित्रकार चित्र पुरें करून त्यापासून दूर उभा राहूं शकतो. नर्तकीला तसें करतां येत नाहीं. स्वतःकडे पाहिल्यावांचून तिचें काम होत नाहीं, आणि पाहतां पाहतां त्या पाहण्यांतच ती गुंतून पडली, तर नृत्य संपलें. आत्ममोहावर टीका करणारें नृत्यच आत्ममोहांत कसें सांपडतें, ह्याचा धडा मी त्या संध्याकाळीं दहा मिनिटांत पाहिला.

आपल्याकडील जुन्या नृत्यशिक्षणांत आरसा नव्हता. गुरु समोर बसत, लांकडी पाटावर काठीनें ताल धरीत, आणि शिष्येच्या चुका तिच्या आधीं त्यांना दिसत. ती कशी दिसते हें पाहण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हताच. भिंतभर आरसा हा पाश्चात्य बॅलेच्या शाळांचा परिपाठ. तो आपल्याकडे नव्या इमारतींबरोबर आला. परंतु आरसा हा *विषय* म्हणून आमच्या कलेला जुनाच परिचित आहे. बेलूरच्या चेन्नकेशव मंदिराचें काम बाराव्या शतकाच्या आरंभीं सुरू झालें. तेथील दर्पणसुंदरी पाहावयास आजहि महाराष्ट्रांतून यात्रेकरू व प्रवासी जातात. वासकसज्जा नायिका प्रियकराची वाट पाहत साजशृंगार करते, तो आरशावांचून कसा होणार? मात्र नर्तकी हा आरसा हातांत घेत नाहीं. ती आपला तळवाच डोळ्यांसमोर धरते, त्यांत पाहून तिलक रेखते, आणि तो आरसा प्रेक्षकाला दिसूं लागतो. म्हणजे आरसा असतो प्रेक्षकाच्या मनांत, आणि तो तेथें निर्माण करण्याइतकें नर्तकीचें लक्ष प्रेक्षकाकडे असावें लागतें. तळव्यांत ती खरोखरच स्वतःला शोधूं लागली, तर आपल्याला नुसता तळवा दिसेल.

ह्या गोष्टीचें शास्त्रहि आमच्या पूर्वजांनीं करून ठेवलें आहे. भरताच्या नाट्यशास्त्रावरील टीकेंत अभिनवगुप्तांनीं रसास्वादाच्या आड येणारीं सात विघ्नें मोजलीं आहेत. त्यांतील एकाचें नांव 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे आपल्याच सुखदुःखाच्या पूर्ण स्वाधीन होणें. तें विघ्न त्यांनीं मुख्यतः प्रेक्षकाच्या बाबतींत सांगितलें. घरचा हिशेब डोक्यांत घेऊन नाट्यगृहांत बसलेल्या मनुष्यास शकुंतलेचें दुःख भिडत नाहीं, आणि म्हणूनच गीत, वाद्य, रंगमंडपाची शोभा ह्यांची योजना आहे, असें त्यांचें प्रतिपादन. माझ्या अल्प समजुतीप्रमाणें हें विघ्न रंगमंचाच्या दोन्ही बाजूंस सारखेंच लागू आहे. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशीं बालगंधर्वांचें अपत्य गेलें. तरीहि प्रयोग झाला, आणि भामिनी रंगली, ही हकीकत आमच्या घरांत आजोबांपासून चालत आलेली आहे. मी लहानपणीं ती ऐके, तेव्हां मला ती निष्ठुरपणाची वाटे. आतां वाटतें, त्या रात्रीं त्या माणसानें स्वतःला बाजूस ठेवण्याचें जें काम केलें, तें आमच्यापैकीं फार थोड्यांना जमेल. (तेच बालगंधर्व अत्तरांवर व भरजरी वस्त्रांवर पाण्यासारखा पैसा ओतीत आणि कर्जांत बुडत, हेंहि खरें. मनुष्य एकाच रंगाचा नसतो.)

आत्ममोहाची गोष्ट निघाली, कीं इंग्रजी शिकलेली मंडळी ग्रीक पुराणांतील नार्सिससचें नांव घेतात. तळ्यांतील स्वतःच्या प्रतिबिंबावर भाळून झिजून गेलेला हा तरुण. १९११ सालींच, 'मानापमाना'नंतर थोड्याच आठवड्यांनीं, मॉन्टे कार्लो येथें रशियन बॅलेनें त्याची कथा रंगभूमीवर आणली. नृत्यरचना फोकीनची, आणि नार्सिसस झाला होता निजिन्स्की. परंतु ह्या कथेंत आणखी एक पात्र आहे, त्याचा विसर पडतो. तें म्हणजे एको नांवाची अप्सरा. तिला स्वतःचें असें कांहींच बोलतां येत नाहीं. दुसऱ्यानें उच्चारलेले शेवटचे शब्द तेवढे ती पुन्हां म्हणते. एक जण फक्त स्वतःला पाहतो, दुसरी फक्त दुसऱ्याची नक्कल करते, आणि दोघेहि नाश पावतात.

आमच्याकडील भस्मासुराच्या कथेंत तर नृत्यच आहे. ज्याच्या मस्तकावर हात ठेवीन तो भस्म होईल, असा वर मिळाल्यानें उन्मत्त झालेला हा असुर मोहिनीच्या मागें लागतो. ती नाचते तसा नाचतो. ती आपला हात स्वतःच्या मस्तकावर ठेवते, तोहि ठेवतो. महाराष्ट्राला ह्या कथेचें विशेष अगत्य असावें, कारण १९१३ सालीं दादासाहेब फाळक्यांनीं 'मोहिनी भस्मासुर' हा चित्रपट काढला, तेव्हां मोहिनी झाल्या कमलाबाई आणि पार्वती झाल्या त्यांच्या मातोश्री दुर्गाबाई कामत. आदल्या चित्रपटांत तारामतीचें काम पुरुषाला करावें लागलें होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या मायलेकींच्या धैर्याची कल्पना येते. असो. मला भस्मासुराविषयीं नेहमीं एक गंमत वाटते. त्याच्यासमोर आरसा असता, तर आपला हात कोठें चालला आहे हें त्याला दिसलें असतें, आणि तो वांचला असता! म्हणून आरशावर सर्व दोष घालणें मला पटत नाहीं. त्या असुरास ना स्वतःचा हात दिसला, ना मोहिनीचें मन. मी सर्वश्रेष्ठ अशा गुर्मींत तो नाचत होता, आणि प्रत्यक्षांत नाचत होता तो दुसऱ्याचा नाच.

नेरूळच्या दालनांत मला हेंच दिसलें. त्या मुली स्वतःला पाहत होत्या हें खरें. पण मान वांकडी करण्याची, ओठ पुढें काढण्याची, केस मागें टाकण्याची ती ढब आठांपैकीं एकीचीहि नव्हती. ती कोठून तरी आलेली, लाखों मुलींनीं गिरविलेली ढब होती.

ह्या सापळ्यांतून बाहेर पडण्याची धडपड ज्या एका नर्तकीनें आयुष्यभर केली, तिचा जन्म आमच्या ह्याच भागांतला आहे, हें फारच थोड्यांना ठाऊक असतें. चंद्रलेखा ह्यांचा जन्म ६ डिसेंबर १९२८ रोजीं वाडा येथें झाला. वाडें तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें. २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतें. वडील डॉक्टर व अज्ञेयवादी, आई श्रद्धाळू. कायद्याचा अभ्यास अर्धवट टाकून त्या मद्रासेस गेल्या, आणि कांचीपुरम् एल्लप्पा पिळ्ळै ह्यांच्यापाशीं भरतनाट्यम् शिकल्या. १९५२ सालीं त्यांचें अरंगेत्रम् झालें, तें रायलसीमेंतील दुष्काळपीडितांच्या मदतीसाठीं. त्या दिवशीं काय घडलें, तें त्यांनीं पुढें स्वतःच अनेकदां सांगितलें आहे. त्या मथुरानगरीच्या वर्णनाचें एक पद करीत होत्या. यमुनेचें भरलेलें पात्र, गोपींची जलक्रीडा, पाण्याचे तुषार, हें सर्व हातांच्या बोटांतून उभें करीत असतांना एकाएकीं त्यांच्या डोळ्यांसमोर वृत्तपत्रांत पाहिलेलीं छायाचित्रें आलीं: भेगाळलेली जमीन, आणि हातांत टिनचीं भांडीं घेऊन रांगेंत उभीं असलेलीं माणसें. ज्यांच्यासाठीं हा नाच, त्यांच्याजवळ पिण्यास पाणी नाहीं. आणि आपण येथें पाण्याशीं खेळतों आहों! पद त्यांनीं पुरें केलें. प्रेक्षकांना कांहींच कळलें नसावें. परंतु त्यांच्या मनांत जी भेग पडली, ती बुजली नाहीं.

ही गोष्ट मी पुतणीला सांगितली, तेव्हां ती म्हणाली, "पण काका, त्यांनीं तर चांगल्याच कामासाठीं नाच केला होता ना?" प्रश्न बरोबर आहे. चंद्रलेखाबाईंनीं कांहीं वाईट केलें नव्हतें. निधि जमत होता, कला उत्तम होती. आत्ममोहाची खरी अडचण हीच कीं, तो नेहमीं दर्पानें येत नाहीं. पुष्कळदां तो निष्ठेचा, सौंदर्याचा, परोपकाराचाहि वेष घेऊन येतो. सुंदर दिसणाऱ्या हावभावांत कला इतकी रमून जाते कीं, दाराबाहेर कोण उभें आहे ह्याचें तिला भान राहत नाहीं. आणि हें त्यांना ऐन नृत्यांत, स्वतःच्या हातांकडे पाहत असतां उमगलें.

पुढें कांहीं वर्षांनीं त्यांनीं रंगमंच जवळजवळ सोडलाच. १९६१ मध्यें 'देवदासी' आणि १९७२ मध्यें 'नवग्रह' ह्या दोन रचना सोडल्या, तर मधला काळ लेखन, भित्तिपत्रकें आणि स्त्रियांच्या चळवळींतील काम ह्यांत गेला. १९८४ सालीं मुंबईस पूर्व आणि पश्चिम येथील नर्तकांचें एक मोठें संमेलन झालें. तेथें त्या पुन्हां प्रकट झाल्या, आणि दुसऱ्याच वर्षीं 'अंगिक' ही रचना आली. तींत नायिका नव्हती, प्रियकराची प्रतीक्षा नव्हती, दागिने व जरीचे पंखे नव्हते, प्रेक्षकांकडे पाहून केलेलें मंदस्मित तर नव्हतेंच. होतें तें भरतनाट्यमाचें अर्धमंडल, योगासनें आणि केरळांतील कळरीची झेप. शरीर कसें उभें राहतें, भार कोठें घेतें, श्वास कोठून उचलतें, एवढेंच. १९८९ मध्यें त्यांनीं 'लीलावती' बसविली, तिचा आधार भास्कराचार्यांचा गणितग्रंथ. ज्या भास्कराचार्यांच्या नातवानें चाळीसगांवजवळील पाटण येथें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, त्यांचीं हंस, कमळें व मधमाशा ह्यांचीं गणितें नृत्यांत आलेलीं पाहून मराठी माणसाला अभिमान वाटावा. पण ती रचना आमच्या कितीशा घरांपर्यंत पोंचली? शेवटची 'शरीर' (२००१) तर इतक्या मंद लयींत आहे कीं, धृपदाच्या आलापाबरोबर देहाची एक एक हालचाल उलगडतांना घाईच्या प्रेक्षकाची परीक्षाच होते. ३० डिसेंबर २००६ रोजीं चेन्नईस त्या निवर्तल्या.

त्यांचें सर्वच मला रुचतें असें नाहीं. अभिनय हा केवळ लाडिकपणा म्हणून टाकून द्यावा, हें मान्य करावयास मन तयार होत नाहीं; बालसरस्वतींसारख्या कलावतीच्या अभिनयापुढें तो आक्षेप टिकत नाहीं, आणि चंद्रलेखाबाईंना स्वतःलाहि त्यांच्याविषयीं नितांत आदर होता. शिवाय मोकळे पांढरेशुभ्र केस, काजळ, कपाळावर मोठें कुंकू अशा थाटांत ह्या बाई सभागृहांत शिरल्या, कीं सर्वांच्या माना तिकडे वळत. आपल्या रूपाचें त्यांना भान नव्हतें, असें कोणी म्हणूं नये. भान होतें, पण तें रूप त्यांनीं आपल्या नृत्याच्या आड येऊं दिलें नाहीं.

आतां आमच्या घरांतील आरशाकडे वळतों, म्हणजे मोबाईलकडे. २०१३ सालीं ऑक्सफर्डच्या कोशकारांनीं 'सेल्फी' हा वर्षाचा शब्द ठरविला, तेव्हां आम्ही हंसलों. २०१६ च्या जानेवारींत वांद्र्याच्या समुद्रकांठीं सेल्फी काढतांना एक तरुणी बुडाली, आणि मुंबई पोलिसांनीं सोळा ठिकाणें त्यासाठीं धोक्याचीं म्हणून जाहीर केलीं, तेव्हां हंसूं मावळलें. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली. जुलैंत इन्स्टाग्रामनें 'रील' सुरू केल्या, आणि महामारीच्या त्या कोंडलेल्या दिवसांत घरोघरीं मुली भिंतीसमोर मोबाईल टेकवून नाचूं लागल्या. त्यांना दोष देऊं नये. वर्ग बंद, मैत्रिणी दूर, रंगमंच कुलपांत. तेवढीच एक खिडकी उघडी होती. पण ती खिडकी उभी आणि अरुंद. तींत एक मनुष्य मावतो, शेजारचा मावत नाहीं. जवळून घेतलें तर कंबरेखालचें अंग सुटतें. चेहरा, खांदे आणि हात तेवढे उरतात. पुढल्या बाजूच्या कॅमेऱ्यानें चित्रण करतांना पडद्यावर आपलें रूप आरशांतल्यासारखें उलटें दिसतें. म्हणजे नर्तकी समोर प्रेक्षक आहे असें मानून जी नाचते, ती नाचते स्वतःकडेच पाहून.

हें सर्व मी इतकें लांबवून सांगतों आहें, तें आमच्या मातोश्रींनीं एका वाक्यांत सांगितलें. त्यांचें वय शहाऐंशी. नुकतेंच मोतीबिंदू काढलेलें, म्हणून सर्व जग त्यांना नवें दिसत होतें. नातीनें मोठ्या हौसेनें आपल्या नाचाचें चित्रण त्यांना दाखविलें. त्यांनीं तें दोनदां पाहिलें, मोबाईल जरा दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि सूनबाईंना विचारलें, "अगं, पोरीचे पाय कुठें गेले?"

सारें घर हंसलें. नात हंसली नाहीं. आठ वर्षें ज्या पायांनीं तिनें तट्टडवू घोटले होते, ते पाय त्या चित्रणांत खरोखरच नव्हते. आणि तें तिच्या ध्यानांत आलें नव्हतें.

तिनें ती गोष्ट वर्गांत जाऊन सांगितली असावी. निदान मला तसें वाटतें, कारण ताईंनीं कारण कांहीं सांगितलें नाहीं. पुढच्या शनिवारीं मी गेलों, तों आरशाची ती भिंत झांकलेली होती. चार जुन्या चादरी एकमेकींस शिवून वर दोरीवर अडकविल्या होत्या; त्यांतील एक आमच्याच घरची, निळ्या फुलांची, हें मी ओळखलें. मोबाईल दाराशीं एका टोपलींत. पहिला अर्धा तास अगदीं गोंधळाचा गेला. समोर कोठें हेंच मुलींना कळेना. दोघी एकमेकींवर आदळल्या, एक रडकुंडीस आली, आणि एकीनें तर स्पष्टच सांगितलें कीं, आपण कशा दिसतों हें कळल्याशिवाय तिला नाचतां येणार नाहीं. ताई म्हणाल्या, "मग शेजारणीला विचार." तें त्यांनीं रागानें म्हटलें कीं सहज, मला उमगलें नाहीं.

परततांना रिक्षांत मुलगी बराच वेळ गप्प होती. पाम बीच रस्त्यावर आल्यावर एकदम म्हणाली, "काका, ती माझ्या डावीकडे असते ना, ती उडी मारायच्या आधीं जोरांत श्वास घेते. चार महिने शेजारीं नाचतेय मी तिच्या. आज पहिल्यांदा ऐकलं."

त्यानंतर मी आणखी दोन तालमी पाहिल्या. पुठ्ठे तेच, विषय तोच, माना वांकड्या करणेंहि तेंच. मात्र ती मुलगी कोसळते, आणि बाकीच्या तिला ओलांडून जातात, त्या ठिकाणीं एके दिवशीं दोघींचा पाय अडखळला. खालीं कोणी आहे हें त्यांना ठाऊक होतें, आणि तें न दिसल्याचें सोंग त्यांच्यानें वठेना. चूक झाली म्हणून त्या थांबल्या. ताईंनीं 'पुढें चला' म्हणून खूण केली, आणि दुसऱ्या दिवसापासून तो अडखळलेला पाय नृत्यांत तसाच ठेवून दिला.

प्रयोग मार्गशीर्षांत आहे. भाऊ अजून आपलें मत सोडावयास तयार नाहीं, परंतु त्यानें तारीख लिहून घेतली आहे. मातोश्रींनीं मात्र पुढच्या रांगेंतली खुर्ची सांगून ठेवली आहे. पाय दिसले पाहिजेत म्हणून.